मे महिन्यातल्या लांब दुपारी: घरातल्या मुलांना चार-पाच दिवस पुरेल असं काम

मे महिन्यात साडेबारा-एकला जेवणं उरकली की संध्याकाळी साडेपाचपर्यंतचा वेळ काढणं सगळ्यात अवघड जातं. ऊन एवढं की मुलांना खाली खेळायला सोडवत नाही. घरात कुणाचं ऑफिसचं काम चालू असतं, कुणाला जरा पाठ टेकायची असते आणि दर दहा मिनिटांनी ‘कंटाळा आला’ कानावर येतं. मग रंगवायची पुस्तकं, विकतचे क्राफ्टचे संच, कोडी असं एकेक बाहेर काढलं जातं, वीस मिनिटांत संपतं आणि शेवटी मोबाइल हातात जातो.

अशा वेळी दोष बहुतेकदा कामाचा असतो. ते बसल्या बैठकीला संपतं. जे काम आज अर्धवट राहतं, वाळायला ठेवावं लागतं आणि उद्या पुन्हा उचलता येतं, त्याकडे मूल आपण न सांगता परत जातं. म्हणून इथे एकच मोठं काम नीट दिलं आहे: सावल्यांचं नाटक. ते चार-पाच दुपारी सहज पुरतं. अधल्यामधल्या वेळासाठी काही छोटी कामंही दिली आहेत. वय साधारण 4 ते 12 धरलं आहे.

आधी सामान

मुलांचा हात पोचेल अशा जागी एक खोकं ठेवा. सामान मागायला प्रत्येक वेळी मोठ्यांकडे यावं लागलं की काम तिथेच तुटतं. खोक्यात हे हवं: जुन्या लग्नपत्रिका, साबणाची आणि टूथपेस्टची खोकी, नव्या शर्टात येणारा पुठ्ठा, रद्दी, कोरे कागद, जाड दोरा, खराट्याच्या दहा-बारा काड्या, स्केचपेन, खडू, मूठभर चिंचोके आणि कागदी चिकटपट्टी. ही चिकटपट्टी म्हणजे रंगकाम करणारे लावतात ती मास्किंग टेप. ती हाताने फाटते, भिंतीवरून आणि फरशीवरून डाग न ठेवता निघते आणि लहान मुलांना झेपते. पारदर्शक सेलोटेप लहानग्यांच्या बोटांना चिकटते, गुंडाळली जाते आणि तिथेच रडारड सुरू होते.

कात्री प्रत्येक मुलाला वेगळी आणि चांगली द्या. टोक बोथट हवं, पण पातं स्टीलचं असावं. पूर्ण प्लॅस्टिकच्या कात्रीने पुठ्ठा कापला जात नाही, चावल्यासारखा होतो, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मूल डावखुरं असेल तर त्याला डावखुऱ्यांची कात्री आणून द्या. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब ढकलली जातात, त्यामुळे कागद कापला न जाता दुमडतो. दाभण आणि कटर मात्र मोठ्यांच्या ताब्यात राहू द्या.

चिकटवायला खळ घरीच करा. पोह्यांच्या चमच्याने 3 चमचे मैदा आधी पाव वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. उरलेलं पाऊण वाटी पाणी गरम करून त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की खळ झाली. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. उन्हाळ्यात ही खळ बाहेर दुसऱ्या दिवशीच आंबते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हातातल्या खळीत अजिबात घालायचं नाही.

मोठ्यांनी किती बसायचं

पहिली पंधरा-वीस मिनिटं. तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून, मांडी घालून मुलांबरोबर बसा, काम हाताला लागलं की उठा. जवळपास राहा, पण ‘असं नाही, असं कर’ थांबवा. नमुना म्हणून तुम्ही जे करून दाखवाल ते मुद्दाम साधं ठेवा. आईने किंवा बाबांनी सुरेख राजा काढून दिला की मूल आपली पेन्सिल खाली ठेवतं आणि म्हणतं, ‘राणी पण तूच काढ.’ तिथून पुढे ते काम तुमचं होऊन बसतं.

बसून करायचं काम देण्याआधी अंगातली रग जिरू द्या. फरशीवर चिकटपट्टीने आठ-दहा चौकोन करून लंगडी, सोफ्याच्या उशांवरून ‘नदी’ ओलांडणं, रद्दीच्या कागदाचे गोळे करून सहा-सात फुटांवरच्या बादलीत टाकणं, असं काहीही चालेल. वीस मिनिटं पुरतात. खालच्या मजल्यावर कुणी झोपत असेल तर उड्यांचे खेळ सकाळी अकराच्या आत उरका.

सावल्यांचं नाटक

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आला आहे. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथल्या बाहुल्यांचे फोटो आणि खेळांच्या चित्रफिती मुलांना सुरुवातीलाच दाखवा. पडद्यामागे एक दिवा, एक बाहुली आणि एक आवाज एवढ्यावर अख्खं रामायण उभं राहतं, हे पाहिलं की मुलांना काय करायचं आहे ते समजावून सांगावं लागत नाही.

*गोष्ट.* मुलांना बारा पात्रं, लढाई, विमान सगळंच हवं असतं. तीन पात्रं आणि तीन प्रसंग एवढ्यावरच अडून राहा. नाटक पाच ते सात मिनिटांचं. त्याहून मोठं ठरवलं तर बाहुल्या कापण्यातच आठवडा जातो आणि खेळ होतच नाही. पहिल्या वेळी मुलांना तोंडपाठ असलेली गोष्ट घ्या: माकड आणि मगर, टोपीवाला आणि माकडं, भोपळ्यातून जाणारी म्हातारी. म्हातारी तर सावल्यांसाठी फारच सोयीची. भोपळा काठीला लावून नुसता घरंगळवायचा, हातपाय हलवायची भानगडच नाही. संवाद लिहून काढायला लावू नका. प्रसंगाला एक ओळ, एवढंच कागदावर असू द्या. पाठांतर आलं की मजा जाते.

*पडदा.* मोठ्या खोक्याची, टीव्हीच्या किंवा टेबलफॅनच्या, एक सपाट बाजू कापून घ्या: रुंदी 60, उंची 40 सेंटीमीटर. कडेने 5 सेंटीमीटर सोडून आतली खिडकी कटरने मोठ्यांनी कापायची. चौकट लवचीक वाटली तर मागून पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवा. खिडकीवर ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर ताणून बसवायचा. आधी वरची कड चिकटवा, मग खालची, शेवटी दोन्ही बाजू. चारही कोपरे आधी चिकटवले की मध्ये झोळ पडतो. बटर पेपरला खळ लावू नका. ती नीट धरत नाही आणि कागद ओला होऊन सुरकुततो. चिकटपट्टीच वापरा. कागद नसेल तर पांढरं, पातळ सुती कापड चालेल, धोतराचं पान उत्तम. सावली किंचित फिकी पडते, पण फाटण्याची भीती नाही.

दोन खुर्च्या दोन फूट अंतरावर ठेवून त्यांच्या पाठींना ही चौकट बांधा. खालची कड जमिनीपासून साधारण 60 सेंटीमीटरवर येऊ द्या. चौकटीखालची आणि बाजूची जागा चादरीने झाका. मुलं चादरीमागे जमिनीवर बसतात आणि हात वर करून बाहुल्या चालवतात.

*दिवा.* सगळ्यात जास्त गडबड इथे होते. ट्यूबलाइटच्या किंवा टेबललॅम्पच्या उजेडात सावली धुरकट पडते, कारण उजेड मोठ्या भागातून येतो. सावलीला कड हवी असेल तर उजेड एका बारीक ठिकाणाहून यायला हवा. मोबाइलचा टॉर्च त्यासाठी चांगला. बरेच एलईडी असलेल्या विजेरीने एकाच बाहुलीला दोन-तीन कडा येतात. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन मगरीच्या प्रसंगात रिंग वाजते.

पडद्याच्या मागे 90 सेंटीमीटरवर टेबल ठेवून, डब्यांचा आधार देऊन, टॉर्च जमिनीपासून 115 ते 120 सेंटीमीटर उंचीवर पडद्याकडे तोंड करून ठेवा. म्हणजे उजेड मुलांच्या डोक्यांवरून जातो. टॉर्च खाली असला तर पडद्यावर बाहुलीऐवजी शेंडी दिसते. समोरून पाहताना कागदातून दिव्याचा टिपका डोळ्यांत येत असेल तर टॉर्च आणखी वर करा किंवा बटर पेपरचा दुसरा थर लावा. पणती किंवा मेणबत्ती नको. कागद, कापड आणि मुलांच्या बाह्या सगळं हाताच्या अंतरावर असतं.

बाहुली पडद्याला टेकलेली असेल तर सावली रेखीव आणि बाहुलीएवढीच पडते. ती दिव्याकडे सरकवली की सावली वाढते. दिवा आणि पडदा यांच्या बरोबर मध्ये आणली की ती दुप्पट होते. दिवा उंचावर असल्यामुळे मागे घेताना बाहुली थोडी वरही उचलावी लागते, नाहीतर सावली खाली घसरून चौकटीबाहेर जाते. हे आपण सांगायचं नाही. मुलांना तासभर नुसता हाताच्या सावल्यांशी खेळू द्या, ती हे आपणच शोधून काढतात आणि मग राक्षस कसा मोठा करायचा ते तुम्हालाच समजावतात.

*बाहुल्या.* उंची 12 ते 15 सेंटीमीटर, त्याहून मोठ्या नकोत. चेहरा नेहमी बाजूने काढायचा. समोरून काढलेला चेहरा कितीही छान रंगवला तरी पडद्यावर काळा गोळा दिसतो. नाक, हनुवटी, अंबाडा, पगडी, शेपूट हे सगळं जरा जास्तच ठसठशीत काढा. ओळख त्यावरच होते. हातपाय अंगापासून सुटे दिसले पाहिजेत. डोळा दाभणाने भोक पाडून करा. एका भोकाने बाहुली जिवंत होते, मुलं ते पाहून ओरडतातच.

हलणारा अवयव एका बाहुलीला एकच ठेवा: माकडाचा हात किंवा मगरीचा जबडा. तो तुकडा वेगळा कापून, जोडाच्या जागी दोन्ही टोकं गोल करून, एकमेकांवर 1 सेंटीमीटर चढवा. खाली थर्माकोल किंवा जुनी चप्पल ठेवून दाभणाने आरपार भोक पाडा, दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारा. गाठ अगदी घट्ट बसली की हात अडकतो. गाठ मारताना मध्ये आगकाडी ठेवा आणि नंतर ओढून काढा, तेवढी ढील पुरते.

मुख्य काडी बाहुलीच्या पाठीवर उभी लावा आणि खाली वीतभर राहू द्या. काडी निदान तीन ठिकाणी पट्टीने बांधा. एकाच ठिकाणी बांधली तर बाहुली भिंगरीसारखी फिरते. हलणाऱ्या अवयवाला दुसरी, बारीक काडी लावा, पण टोकाला दोऱ्याने सैल बांधा, म्हणजे ती वाकते.

*रंग.* आकाशकंदिलाचा उरलेला जिलेटिन कागद असेल तर बाहुलीत छोटी खिडकी कापून मागून तो लावा. लाल लुगड्याची म्हातारी पडद्यावर खरोखर लाल दिसते. जिलेटिन नसेल तर साध्या पांढऱ्या कागदावर स्केचपेनने रंगवा आणि कापसाला खोबरेल लावून कागदाच्या पाठीवरून हलकेच फिरवा. कागद पारदर्शक होतो आणि रंगातून उजेड जातो. तेल दोन-तीन थेंबच घ्या, मग टिपकागदावर रात्रभर ठेवा. तेल लावलेल्या कागदाला चिकटपट्टी धरत नाही, म्हणून कडा आधी चिकटवायच्या आणि तेल शेवटी.

*कुणी काय करायचं.* चार-पाच वर्षांच्या मुलाला आवाजाचं खातं द्या. ते महत्त्वाचं आहे आणि त्याला ते जाणवलं पाहिजे. डब्यात तांदूळ घालून हळू हलवले की पाऊस, दोन करवंट्या एकमेकींवर आपटल्या की घोडा, पत्र्याचं ताट वाकवलं की गडगडाट. सहा ते आठ वर्षांची मुलं कापाकापी आणि रंग बघतात. त्याहून मोठ्यांकडे जोड, काड्या आणि दिवा. भावंडांत मुख्य बाहुलीवरून भांडण होणारच. आधीच ठरवा: प्रत्येक प्रसंगात माकड वेगळ्याच्या हातात. तीन प्रसंग ठेवण्याचा हाही एक फायदा.

पहिल्या दुपारी गोष्ट ठरवून पडदा होतो, दुसऱ्या दुपारी आराखडे आणि कापणं, तिसऱ्या दुपारी जोड, काड्या आणि रंग. चौथ्या दुपारी पडदे ओढून तालीम करा. तालमीत बाहुल्या पडद्यापासून लांब राहतात, सगळेच एकदम बोलतात आणि कुणाचा तरी हात तुटतो. म्हणून खोकं शेजारी असू द्या. खेळ मात्र काळोख पडल्यावर, साडेसातनंतरच. दुपारच्या उजेडात सावल्या निम्म्या दिसतात. वळवाच्या पावसात संध्याकाळी वीज गेली तर त्याहून चांगला मुहूर्त नाही. तिकिटं, जाहिरातीचा कागद, शेजाऱ्यांना आमंत्रण हे सगळं मुलांना करू द्या. गावी असलेल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचं असेल तर समोरचा फोन वेगळा लागतो, आणि खोलीत पडद्याशिवाय दुसरा उजेड नको.

पाच वर्षांखालच्यांसाठी: मिठाची कणीक

मोठी मुलं पुठ्ठा कापत असताना धाकट्याला स्वतःचं काम हवं. मैदा 2 वाट्या, बारीक मीठ 1 वाटी, पाणी 2 वाट्या, तेल 2 मोठे चमचे, लिंबाचा रस 2 मोठे चमचे. सगळं जाड बुडाच्या कढईत गार असतानाच कालवा आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहा. कढईची कड सोडून गोळा झाला की उतरवा, कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने मळा. लवकर उतरवली तर चिकट राहते, पुन्हा दोन मिनिटं आचेवर ठेवा. जास्त शिजली तर भेगा पडतात, तेलाचा हात लावून मळा.

रंगाला हळद, बीटाचा रस किंवा पालकाचं पाणी. हळद कपड्यांना लागते. लागलाच डाग तर धुऊन कडक उन्हात वाळत घाला, उन्हाने तो फिका पडत जातो. प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात कणीक दोन आठवडे तरी टिकते. स्टीलच्या डब्याला मीठ खातं. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने मीठ पाणी धरतं आणि कणीक ओलसर होते, तेव्हा चमचाभर मैदा घालून मळा. तोंडात घालायच्या वयाच्या मुलांना देऊ नका, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून लांब ठेवा. इतकं मीठ त्याला बाधतं. साचे विकत आणायची गरज नाही. सोऱ्या, चकलीची चकती, करंजीचं कातण, गाळणी आणि पोळपाट-लाटणं पुरे.

अर्ध्या तासाचं जादूचं चित्र

1 चमचा हळद 2 चमचे पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर पुसटशी फिरवा आणि पंख्याखाली वाळू द्या. वाळलेल्या पिवळ्या कागदावर कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्याने कापूसकाडीने चित्र काढलं की लाल रेषा उमटतात. तिथे लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ते याच गुणामुळे. प्रयोगात चुना मात्र वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. खाण्याचा सोडाही चालतो, पण रंग लालपेक्षा तांबूस येतो. मग मुलांना घरातल्या सहा-सात गोष्टी तपासायला द्या: ताक, शाम्पू, चिंचेचं पाणी, भांड्यांचा साबण, राखेचं पाणी. लाल होणाऱ्या आणि न होणाऱ्या गोष्टींची यादी त्यांनीच करायची.

चिंचोक्यांवर चल्लस-आठ

खडूने फरशीवर 5 बाय 5 चौकोनांचा पट आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधल्या घरात फुली. फासे म्हणून कवड्या नसतील तर दोन चिंचोके फोडून चार डाळी करा. खडबडीत दगडावर घासून मग फोडले की सरळ दुभंगतात. हे काम मुलं आनंदाने करतात आणि त्यातच अर्धा तास जातो. पांढरी बाजू वर पडली तर एक. चारही पांढऱ्या म्हणजे चल्लस, चार घरं. चारही काळ्या म्हणजे आठ. चल्लस किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं.

प्रत्येकाच्या चार सोंगट्या, वाल, शेंगदाणे, बटणं, खडे असं काहीही. आपल्या बाजूच्या फुलीतून निघून बाहेरच्या 16 घरांतून फिरायचं, मग उलट्या दिशेने आतल्या 8 घरांतून, आणि शेवटी मधल्या फुलीत. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही. घरोघरी नियम थोडे वेगळे असतात, आजीला विचारा आणि तिचे नियम धरा. सहा वर्षांखालची मुलं मारलेल्या सोंगटीवरून रडतात, त्यांना मोठ्याच्या जोडीत घ्या. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर चिंचोके खेळ संपताच मोजून डब्यात.

खेळ झाल्यावर

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी बाहुल्या टाकून देऊ नका. काड्या काढून बाहुल्या जुन्या फाइलच्या प्लॅस्टिक कप्प्यांत सपाट ठेवा. उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा वाकतो आणि मग बाहुली पडद्याला टेकत नाही. तेल लावलेल्या बाहुल्यांमध्ये बटर पेपरचे तुकडे घाला. पडद्याची चौकट कपाटामागे सरळ उभी राहते. पुढच्या गोष्टीला पडदा तयारच असतो, म्हणून ती तीन दुपारींत उभी राहते. तिचं नाव ठरवायला मुलांना फार वेळ लागत नाही, तेव्हा काड्या आणि दोरा आधीच भरून ठेवा.